वाक्य पुन्हा म्हण

तायडे मॅडमची आणि माझी पहिली ओळख झाली तेव्हा सगळा वर्ग बसलेला होता आणि मी एकटा उभा होतो. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा अर्थशास्त्राचा तास चालला होता. मी अचलपूरहून एस.टी.नं येणारा, राऊतांच्या शेतकरी घरातला मुलगा. आपल्याला बरंच कळतं अशी माझी तेव्हा खात्री होती, आणि घरच्यांच्या मते ती अजूनही पुरती गेलेली नाही. मॅडमनी विचारलं, "एकाच देशात काही भाग श्रीमंत असतात, काही गरीब. मग काय करायला पाहिजे?" मी हात वर केला आणि ठणकावून सांगितलं, "श्रीमंत भागांनी गरीब भागांना मदत केली पाहिजे."

"वाक्य पुन्हा म्हण," मॅडम म्हणाल्या.

त्यांना ऐकू आलं नसावं असं समजून मी तेच वाक्य दुप्पट आवाजात म्हटलं. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "ऐकू आलं रे मले. आता त्यातला 'मदत' शब्द काढ, अन् मंग म्हण." मदत काढल्यावर माझ्या वाक्यात काही उरेना. शेवटी शब्द त्यांनीच दिला. "श्रीमंत भागांनी गरीब भागांना त्यांचा वाटा दिला पाहिजे," असं मी निमूटपणे म्हटलं आणि खाली बसलो. यानं काय फरक पडला, ते मला त्या दिवशी अजिबात कळलं नाही.

आज डॉ. कमल तायडे पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या संशोधनावर अधिकारानं लिहिणारे विद्वान या गौरवग्रंथात आहेतच. मी आमच्या संस्थेच्या परतवाड्याच्या शाखेत अर्थशास्त्र शिकवता शिकवता निवृत्तीला टेकलेला त्यांचा विद्यार्थी. मला त्या एका शब्दाबद्दल लिहायचं आहे. मॅडमच्या वर्गात 'मदत' म्हणणाऱ्याला उभं राहून वाक्य दुरुस्त करावंच लागे. नवीन मुलांना ही रीत विचित्र वाटे. जुन्यांना तिची इतकी सवय झालेली असे, की 'म' तोंडातून निघताच ते आपले आपण थांबत.

पुढे महिनाभरात त्यांनी आम्हाला 'अकोली रुपया' शिकवला. समजा, त्या म्हणाल्या, अकोल्याचा रुपया वेगळा आहे आणि मुंबईचा वेगळा. वर्गाला ही कल्पना फारच आवडली. त्या नोटेवर चित्र कशाचं असेल यावर मागच्या बाकावर वाद सुरू झाला. कापसाचं बोंड असेल असा निकाल देऊन मॅडम पुढे गेल्या. एखाद्या वर्षी कापूस हातचा गेला, तर अकोली रुपया घसरेल. घसरला की अकोल्याचा माल आणि मजुरी मुंबईवाल्यांना स्वस्त पडेल. ते इकडे खरेदीला येतील, कोणी कारखानाही काढेल, आणि गाडं हळूहळू रुळावर येईल. पण रुपया तर दोघांचा एकच आहे. अकोल्यापुरता तो घसरूच शकत नाही. "मंग रुपयाच्या जागी घसरते कोण?" त्यांनी विचारलं. मग पुस्तकी मराठी बाजूला ठेवून त्या सावकाश म्हणाल्या, "एक तं पैसा इकडे येईन, नाई तं पोट्टे तिकडे जातीन."

पुढे कितीतरी जाडजूड ग्रंथ मी वाचले. सात समुद्रांपलीकडच्या देशांनी एक चलन घेतलं, पण तिजोरी एक केली नाही, आणि मग त्यांच्यात कशी भांडणं लागली, हेही वाचलं. त्या सगळ्याचं सार मॅडमच्या त्या एका वाक्यात होतं, असं मला आजही वाटतं. दिवाळी सरली की अमरावतीत पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या गाड्या ओळीनं उभ्या राहतात. बॅगा वर चढतात, डब्यातला चिवडा हातात दिला जातो, आया उगाचच खिडकीशी काहीबाही बोलत राहतात. माझ्या वर्गातले निम्मे मित्र अशाच गाड्यांतून गेले. त्या बाजूनं जाताना मला अकोली रुपया आठवतो.

मॅडम एकतर्फी मात्र कधीच नव्हत्या. वर्गात एकदा त्यांनी मलाच मुंबईची बाजू मांडायला लावली. आमच्या घामाच्या कराचा पैसा आम्ही दुसऱ्यांना का द्यावा, असा सवाल मी इतक्या त्वेषानं केला, की तासानंतर कँटीनमध्ये मित्र माझ्या बाजूला बसेनात. मॅडमनी उत्तर दिलं ते असं: मुंबईचा साबण अकोल्यात विकतो, अकोल्याचा पोरगा मुंबईत राबतो, मध्ये कुठे जकातनाकं नाही की नोट बदलावी लागत नाही. बाजार सगळ्यांचा मिळून झाला आणि नफा एका जागी साठला, म्हणून वाटा. एवढं बोलून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "पण आलेला वाटा इथल्या ठेकेदाराच्या बंगल्यात जिरला, तं मंग राऊतचं म्हणणं खरं हाय." पुण्या-मुंबईच्या नावानं बोटं मोडायला आम्हा वऱ्हाडकरांना कोणी शिकवावं लागत नाही. आपल्या अंगणाकडे बोट दाखवणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मॅडमनी पीएच.डी. पुण्याला केली. तिथं त्यांना चांगली नोकरीही देऊ केली होती. "मॅडम, काहून आल्या वापस?" असं मी एकदा धीर करून विचारलं. "पोट्टे तिकडे जातात म्हणून मीच बोंबलू, अन् मीच तिकडे राहू काय?" असं त्या म्हणाल्या आणि खडू घेऊन वर्गात गेल्या.

यथाकाल त्या अमरावतीच्या प्राचार्य झाल्या आणि मी परतवाड्याला लागलो. आमची शाखा मुलींची, म्हणजे त्याच संस्थेचं गरीब लेकरू. मेळघाटातल्या मुली खच्चून भरलेल्या जीपनं यायच्या. जीप भरल्याशिवाय निघत नाही, म्हणून आमचा पहिला तास जीपच्या मर्जीनं सुरू व्हायचा. अमरावतीत नवीन सामान आलं की तिथलं मोडकं परतवाड्याला पाठवायचं, अशी जुनी वहिवाट होती. डुगडुगणाऱ्या टेबलाखाली घालायचे कागद घडी करण्यात आम्ही वाकबगार झालो होतो. मॅडम प्राचार्य झाल्यावर बाकांचा ट्रक आला. मी सवयीनं सुतार बोलावून ठेवला होता. ताडपत्री काढली तर आत कोरे करकरीत बाक, वार्निशचा वास दरवळणारे. पत्ता चुकला असेल म्हणून मी घाईनं फोन केला. "जुने अमरावतीच्या पोट्ट्यांनी वापरले, तेच वापरतीन अजून," मॅडम म्हणाल्या. "जुनं देलं तं ते मदत होते. नवं देलं तं वाटा." अमरावतीच्या प्राध्यापकांच्या कपाळावर आठ्या पडल्या, हे सांगायला नकोच.

आमच्याकडे अर्थशास्त्राचं एक पद बरेच दिवस रिकामं राहिलं. तेव्हा मॅडम स्वतः दर शनिवारी एस.टी.नं परतवाड्याला येऊन तास घेऊ लागल्या. साधी साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत भाकरीचा डबा. या प्राचार्य आहेत हे मुलींना कोणी सांगितलंच नव्हतं. सुनीता कासदेकर नावाची, वरच्या गावातून येणारी कोरकू मुलगी होती, मोठी चुणचुणीत. तिनं मॅडमना तासामागे मानधन घेणाऱ्या इतर हंगामी शिक्षकांसारखं समजून एक दिवस फार काळजीनं विचारलं, "मॅडम, तुमाले पर्मनंट करतीन का नाई?"

"पाहू बाप्पा," मॅडम म्हणाल्या, "तुमी चांगले शिकले तं करतीन."

आणि मग ती सभा झाली. संस्थेच्या अमरावतीच्या कार्यालयात परतवाड्याची शाखा बंद करण्याचा विषय निघाला. मुली कमी, फी त्याहून कमी, आणि अमरावतीला संगणकाच्या अभ्यासक्रमांसाठी नवी इमारत हवी होती. परतवाड्याच्या मुलींनी अमरावतीला प्रवेश घ्यावा, वसतिगृह आहेच, असं म्हणायला सोपं होतं. मुलीला सकाळी जीपमध्ये बसवून संध्याकाळी परत आलेली पाहणारे आईबाप तिला अमरावतीला ठेवणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. शाखा बंद होणं म्हणजे सुनीताचं आणि तिच्या मैत्रिणींचं शिक्षण तिथंच संपणं. शाखेचा प्रमुख म्हणून मी सभेत होतो, पण माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. नवी इमारत मॅडमच्याच कॉलेजची होणार, म्हणून त्या विषयाच्या बाजूनं बोलतील असं सगळ्यांनी धरून चाललेलं होतं.

सचिव होते मोहोड. हे आमच्याच वर्गातले, त्या मागच्या बाकावरचे. माणूस भला आहे, हे मी आजही सांगेन. संस्था चालवण्याचा घोर त्यांच्याच डोक्याला होता. ते उठले आणि कळकळीनं म्हणाले, "अमरावतीनं परतवाड्याला किती दिवस मदत करायची?"

बऱ्याच माना हलल्या. सभेत मॅडम सगळ्यांना 'साहेब' आणि 'तुम्ही' म्हणत. त्या दिवशी बसल्या जागेवरून, आवाज न चढवता, त्या एवढंच म्हणाल्या, "मोहोड, वाक्य पुन्हा म्हण."

आणि पिकल्या केसांचे मोहोड साहेब सरळ झाले. दोन्ही हात बाजूला गेले. घसा साफ करून त्यांनी सुरुवात केली, "अमरावतीनं परतवाड्याला..." आणि थांबले. पुन्हा म्हणाले, "अमरावतीनं परतवाड्याला त्याचा वाटा... किती दिवस..." वाक्य पुढे जाईना. वाटा किती दिवस द्यायचा, हा प्रश्नच होऊ शकत नाही, हे बोलता बोलता त्यांचं त्यांनाच कळलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. आम्ही जुने विद्यार्थी हसू लागलो. हसता हसता माझे डोळे भरून आले. संस्थेचे अध्यक्ष मात्र मॅडमचे विद्यार्थी नव्हते. काय झालं ते त्यांना उमगेना. "काही नाही साहेब," मोहोड म्हणाले, "विषय मागं घेतो."

मॅडमना याची किंमत द्यावी लागली. ती इमारत त्यांच्या कारकिर्दीत उभी राहिली नाही. अमरावतीची काही मंडळी रुसली ती रुसलीच. मॅडमच्या निरोप समारंभालाही आली नाहीत.

सभेनंतरच्या शनिवारी परतीच्या गाडीची वाट पाहताना मी त्यांना विचारलं, की हा शब्द तुम्हाला कुठं सापडला. तेव्हा त्यांनी बार्शीटाकळीची गोष्ट सांगितली. तिथल्या एका शाळेत त्या शिकत असताना शिष्यवृत्तीचं वाटप होतं. एका गुरुजींनी फर्मावलं, सरकारी मदतवाल्या पोरींनी मागं उभं राहायचं. मागं उभ्या राहिलेल्यांत बौद्ध वस्तीतली कमल होती. मॅडमचे वडील दुसऱ्या गावी प्राथमिक शिक्षक होते. दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले, हात जोडले आणि शांतपणे म्हणाले, "गुरुजी, वाक्य पुन्हा म्हणा. मदत नाई, वाटा. वाटा घेणारं मागं उभं राहत नसते." गाडी आली, मॅडम चढून गेल्या. मी मात्र स्टँडवरच बसून राहिलो. बी.ए.च्या पहिल्या वर्षी न कळलेला फरक मला त्या दिवशी कळला.

मॅडम निवृत्त झाल्या तरी त्यांचा शनिवार सुटला नाही. आता मात्र गुडघे कुरकुरतात. मुलगा पुण्याला आहे, तो केव्हाचा बोलावतो आहे. गेल्या महिन्यात परतवाड्याच्या स्टँडवर त्या म्हणाल्या, "राऊत, मी आता पुण्याले चालली."

मला रागच आला, खोटं कशाला बोलू. "एक तं पैसा इकडे येईन, नाई तं पोट्टे तिकडे जातीन, असं तुमीच शिकवलं," मी म्हटलं. "आता तुमीच तिकडे?"

"अरे, माह्यात नातीचा वाटा हाय का नाई?"

तरी मी चिकाटी सोडली नाही. "पण मॅडम, शनिवारचं काय? पोरींना तुमची मदत..."

"वाक्य पुन्हा म्हण."

आजूबाजूला जीपवाले 'चिखलदरा, चिखलदरा' असं ओरडत होते. त्या गलक्यात मी, नातवंडं असलेला माणूस, सरळ उभा राहिलो आणि म्हणालो, "मॅडम, तुमच्यात आमचा वाटा आहे." मॅडमनी जीपमधून उतरणाऱ्या मुलींकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "उन्हाळा-पावसाळा पुण्याचा. हिवाळा तुमचा."

मॅडम, ठणठणीत गुडघे, शांत झोप आणि लांबच लांब आयुष्य तुम्हाला मिळो. शताब्दीच्या ग्रंथात लिहायला मी नसलो तरी तुम्ही असा, आणि त्यात कोणी 'मदत' लिहिलं असेल तर त्याला उभं करा. सुनीता कासदेकर आता आमच्याच शाखेत, तुमच्याच विषयाची प्राध्यापिका आहे. यंदाचं वेळापत्रक तिनं केलं. हिवाळ्यातल्या शनिवारच्या पहिल्या तासासमोर तिनं तुमचं नाव लिहिलं आहे, आणि नावापुढे लिहिलं आहे: पर्मनंट.