एक परस

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात पंच निवडायचे होते, तेही चावडीपुढं हात वर करून. उभे राहिलेले मास्तर म्हणत होते, "मला निवडा, जातपात न बघता सगळ्यांसाठी एक विहीर बांधतो." त्यावरून पारावर रोज भांडण. पैसा कुठला? होणार कसं?

त्या दिवशी खांद्यावर पहार टाकून एक विहिरी खोदणारा चालला होता. पाटलांनी त्यालाच थांबवलं. "नवी हीर पाडायला काय लागंल रं?"

त्यानं टाचेनं भुई दाबून पाहिली, मग उजवा हात सरळ वर ताणला. "टाचंपासून बोटापत्तूर हा एक परस. असं सात परस जावं लागंल, मालक."

"सात! गावाला झेपंल का?" पाटील आमच्याकडं बघून हसले.

"गावात हिरी किती हायती?"

"तीन. ज्या त्या जातीची निराळी."

"तीन झेपल्या, अन् एक झेपंना व्हय?"

तो टोमणा होता की साधा सवाल, मला अजून कळलेलं नाही. त्यानं पाणी मागितलं. कुणीतरी वरून धार धरली आणि तो ओंजळीनं प्यायला.

"ही हीर म्याच बांधलीया," समोरच्या विहिरीकडं बघत तो म्हणाला आणि चालू लागला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांचं नाव पुकारलं. माझा हात कानापर्यंत गेला आणि तिथंच घुटमळला. त्या विहीर खोदणाऱ्याच्या मापानं एक परससुद्धा भरला नसता.