वर गेलेलं छत

दयानंद मिस्त्री छताखाली झोपत नसे. आमच्या लेबर कॅम्पात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि सगळ्यांना तिची गंमत वाटायची. चार बांबूंवर निळी ताडपत्री ताणायची, तिच्याखाली खाट टाकायची आणि कोकणातल्या पावसाचे शिंतोडे खात सकाळ करायची, असा त्याचा खाक्या. शेजारी पत्र्याच्या खोलीत त्याची कॉट रिकामी पडलेली असे. मी एकदा त्याला चांगलंच झापलं. न्यूमोनिया झाला तर जबाब मला द्यावा लागेल, म्हणालो.

"काय होत न्हाई सायेब," तो म्हणाला, "सवय हाय."

मी नांदेडचा, तो किल्लारीच्या बाजूचा. समुद्रकाठी असं आपल्याकडचं माणूस भेटलं की जीव सुखावतो. भात-माशांना कंटाळलो की मी त्याच्या चुलीपाशी जाऊन बसायचो, आणि तो ज्वारीची भाकरी थापून वाढायचा. टर्मिनलच्या बांधकामावर मी सुरक्षा अधिकारी होतो आणि तो सळया बांधणाऱ्या टोळीचा मिस्त्री. परदेशातला नैसर्गिक वायू अतिशय थंड करून पातळ करतात, तो जहाजानं इथल्या धक्क्यावर यायचा होता. तो साठवायला आम्ही प्रचंड टाक्या उभारत होतो. टाकीची काँक्रीटची भिंत दयानंदच्या टोळीनं खालपासून वरपर्यंत बांधत नेली होती. डोक्यावर उघडं आभाळ असल्यानं तिथं त्याचं छान चाललं होतं.

भिंत पुरी झाली आणि तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "टाकीवर छताचा घुमट चढायच्या आत मी गावाकडं जातो. दुसरा मिस्त्री बघा."

मी भडकलो. ऐन कामात असा मिस्त्री आणायचा कुठून? मी तोंडाला येईल ते बोललो. तो ऐकून घेत उभा राहिला. मग खाली बसला आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं.

त्यांच्या गावात घरं दगडमातीची, वर लाकडी तुळयांवर मातीचं माळवद. दरवर्षी पावसाच्या तोंडावर गावठाणातली पांढरी माती आणून माळवदावर पसरायची रीत. जुनी माती कुणी काढत नसे, वर्षानुवर्षं थर चढत जायचे. बाप गेल्यापासून हे काम दयानंदकडे होतं. त्र्याण्णव साली पोळ्याच्या सुमारास घर ठिबकायला लागलं. त्याची आई गुणाबाई म्हणाली, अजून थोडी माती टाक बाबा. त्यानं हौसेनं भरपूर टाकली, पायानं तुडवून घट्ट केली. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून तो मित्रांबरोबर देवळाच्या पारावरच झोपला, आणि पहाटे धरणी हलली.

"आई अन् धाकटी बहीण, दोघी आत हुत्या," तो म्हणाला. "मीच उकरलं. सगळ्यात वर मी टाकलेली पांढरी माती हुती, सायेब. वळखू आली मला."

भूकंपानं मारलं, तू नाही, असं म्हणायला हवं होतं. इतक्या वर्षांत ते त्याला शंभर जणांनी सांगितलं असणार, म्हणून मी पुढं काय झालं ते विचारलं.

पुनर्वसनाची घरं बांधताना तो सळईकाम शिकला. त्याच कामानं त्याला गावोगाव फिरवलं. लग्न झालं, उज्वला झाली. सरकारी घरात मायलेकी आत झोपत आणि हा अंगणात. आता उज्वला डॉक्टर व्हायचं म्हणून लातुरात क्लासला होती. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते, आणि जिन्याखालची जागासुद्धा खोली म्हणून भाड्यानं जात होती. तिची खोली तिसऱ्या मजल्यावर. हा भेटायला गेला की फाटकाशी उभा राही, ती खाली येई, आणि दोघं नालीच्या कठड्यावर बसून डबा खात.

"परीक्षेच्या आदल्या दिवशी समद्यांचे आईबाप येऊन राहतेत," त्यानं सांगितलं. "हिची आई दम्यानं जिना चढत न्हाई. तर पोरगी म्हणते, अण्णा, तुम्ही या. मी म्हणलं, गच्चीवर झोपतो, उन्हाळाच हाय. तर म्हणते, गच्चीवर न्हाई. आत. माझ्याजवळ. जन्मात एकदा."

"मग?"

"मग काय. होईना मला."

माझ्या विनवण्यांमुळे म्हणा, की पोरीपासून तोंड लपवायला म्हणा, तो घुमट चढण्याच्या दिवसापर्यंत थांबला. पोलादी घुमट टाकीच्या तळावरच जोडून ठेवला होता. टाकी सगळीकडून बंद करून पंख्यांनी खालून हवा भरायची आणि हवेच्या दाबानं तो भिंतीच्या माथ्यापर्यंत चढवायचा, अशी ही पद्धत. पंखे घोंघावू लागले. बराच वेळ काहीच होईना, मग घुमट बारीकसा हलला आणि वर सरकू लागला. दयानंद माझ्याशेजारी भिंतीच्या माथ्याजवळच्या मचाणावर कठडा घट्ट धरून उभा होता.

"खालून टेकू काय दिलाय?"

"टेकू नाही. हवा."

घुमट माथ्याला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, नारळ फुटला. दयानंदचे डोळे भरून वाहत होते आणि पुसायचं भान नव्हतं. "लई जड असंल नव्हं?" एवढंच त्यानं विचारलं. लई जड, मी म्हणालो.

घुमट जोडून पक्का झाल्यावर तो स्वतःहून आला. आत न्या म्हणाला. भिंतीत ठेवलेल्या वाटेतून आम्ही टाकीत शिरलो. आत अंधारं आणि गार होतं, बोललेला शब्द घुमून परत येत होता. तो दारापासून थोड्या अंतरावर थांबला. घामानं थबथबला होता. मी परत फिरू म्हणालो तर त्यानं नाही म्हणून मान हलवली. बराच वेळ तसाच उभा राहून मग बाहेर आला आणि ओकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. नंतर रोज येऊ लागला.

मिस्त्री बदलावा लागला नाही. घुमटावरच्या सळया त्याच्याच टोळीनं बांधल्या. वर काँक्रीट ओतायच्या दिवशी मात्र तो वर चढायला तयार नव्हता. खाली कुणी माणूस नसतो, तसा नियमच आहे, हे मी दहादा सांगितलं. तरी त्यानं बॅटरी घेऊन टाकीचा कोपरान् कोपरा पाहिला, आणि ओतकाम संपेपर्यंत बंद दाराला पाठ लावून बसला. मी त्याला चहा नेऊन दिला आणि त्याच्याशेजारी बसलो.

मे महिन्यात दयानंद पोरीच्या परीक्षेसाठी लातूरला गेला, आणि मीही रजा काढून तिथं बहिणीकडे गेलो. श्रद्धाचं घर उज्वलाच्या खोलीपासून दोन गल्ल्या पलीकडे. परीक्षेच्या सकाळी रिक्षा घेऊन येतो, बापलेक तयार राहा, असं मी आदल्या दिवशी बजावून आलो. तेव्हा दयानंद फाटकाशीच उभा होता, हातात पिशवी, नजर तिसऱ्या मजल्यावर. घरमालकीण पार्वतम्मा त्याला म्हणत होती, "या की वर, किती वेळ उभं राहता?" मी तिथून निघालो. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

सकाळी गल्लीत क्लासच्या पोरांची झुंबड उडालेली. आईबाप पाण्याच्या बाटल्या धरून पोरांमागं धावत होते. फाटकाशी दयानंद नव्हता. रात्रीची गाडी धरून पळाला, असं माझ्या मनात आलं आणि माझं डोकं फिरलं. मी हॉर्न वाजवायला लावला. खालूनच "उज्वला, अगं वेळ होतोय" म्हणून ओरडलो. रिक्षावाला मीटरकडे आणि माझ्याकडे बघत होता.

तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. उज्वलाची वेणी घातलेली होती, पण ती खाली यायला निघालेली नव्हती. तिनं ओठांवर बोट ठेवलं. मग दुसरा हात जरा उचलून दाखवला. तिच्या मनगटाला एक काळा, राकट पंजा घट्ट धरून होता. रात्री धरणी हलली तर पोरीला ओढून बाहेर काढता यावं, म्हणून धरलं असेल. त्या हाताचा धनी खिडकीखाली भिंतीला टेकून, पायांत चपला तशाच, गाढ झोपला होता, असं तिनं नंतर सांगितलं.

"पाचच मिनिटं, काका," ती वरून हळूच म्हणाली.

मी रिक्षावाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं.