कांडपाचे पैसे

भिसेगावात आमच्या गल्लीतल्या बायकांची भिशी आहे. महिन्याला हप्ते गोळा करायचे, डब्यातून चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिने सगळी रक्कम न्यायची. हप्ता मात्र चुकवायचा नाही. एकीच्या घरी सुतक होतं, तरी तिने दारातूनच पैसे पुढे केले होते.

गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी चिठ्ठी माझी निघाली. मला फ्रिज घ्यायचा होता. पण माझी शेजारीण मिरची कांडायचं जुनं मशीन कशेळ्याहून आणायच्या खटपटीत होती. मसाल्याचा हंगाम उन्हाळ्यातच, तो हुकला की वर्ष गेलं. मी माझा नंबर तिला दिला. फ्रिजवाचून काही अडत नाही, असं सगळ्यांसमोर ऐटीत म्हटलं आणि घरी येऊन दोन दिवस तोंड फुगवून बसले.

मशीन आलं आणि भिशीतल्या बायका मिरच्या घेऊन हजर. "आपलंच मशीन हाय गं," म्हणत डबे भरून न्यायच्या. पैशांचं नाव कोणी काढेना. बाहेरचं गिऱ्हाईक रांगेला कंटाळून दुसरीकडे जायला लागलं. माझ्या मिरच्या अजून गच्चीवर वाळत होत्या, तेव्हा विजेचं बिल हातात घेऊन ती माझ्याकडे आली.

"मशीन विकावं लागंल."

मला तिचाच राग आला. "मग पैसे माग की!"

"कसं मागू गं? तुमच्याच पैशांनी आलंय."

पुढची भिशी तिच्या घरी होती. चहा झाला, हप्ते जमले. चिठ्ठी काढायच्या आधी ती उभी राहिली.

"सुतकातबी आपण हप्ता सोडला नाय. मग मी कांडपाचे पैसे कशी सोडू? ते सोडले तर माझा हप्ता कुठून देऊ?"

मग सगळ्यांत वयस्कर बाईंनी कमरेची पिशवी सोडली. "इतके दिवस बोलायला काय झालं होतं गं तुला?"

दुसऱ्या दिवशी मी माझ्या मिरच्या नेल्या. तुझे पैसे नकोत, असं ती म्हणेल आणि वाद घालावा लागेल, या तयारीनेच गेले होते. तिने मसाला कांडला, माझी नोट घेतली, गल्ल्यात हात घातला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"सकाळी सकाळी सुट्टे आणत जा गं."

मी हसत घरी आले. फ्रिज अजून घेतलेला नाही.