चैत्र वद्य, इंदु

‘‘सही करा आणि विषय संपवा,’’ संचालक त्रिपाठीजींनी फाइल माझ्याकडे सरकवली. मी पेन काढलं, टोपण उघडलं आणि परत लावलं. एवढं धाडस माझ्याकडून सहसा होत नाही. घरात भाजी कोणती करायची याबद्दलसुद्धा माझं मत शेवटी विचारतात.

फाइलमध्ये पुराणिक काकूंच्या फ्रेमबद्दलचा शेरा होता : ‘विसाव्या शतकातील वस्तू. दालनासाठी अपात्र.’

मी बनारसमधल्या एका खाजगी संग्रहालयात जुन्या कागदांच्या तारखा ठरवतो. हुद्दा डॉक्युमेंटेशन ऑफिसर, नोकरी कंत्राटी. पत्रिका, लेबलं, तिकिटं, काड्यापेटीवरची चित्रं, जे लोक फेकून देतात ते मी भिंगाखाली धरतो. बायकोच्या मते मला पगारी रद्दीवाला म्हणायला हरकत नाही.

तेव्हा आम्ही ‘एकोणिसाव्या शतकातला बनारस’ असं दालन उभारत होतो. १९०० सालच्या अखेरीपर्यंतच्याच वस्तू घ्यायच्या, कारण शतक तिथे संपतं, असा त्रिपाठीजींचा कडक नियम होता. दूधविनायक मोहल्ल्यातल्या पुराणिक काकूंनी त्यासाठी एक फ्रेम आणून दिली. आत सिगारेट कार्डं, ओळीने चिकटवलेली. त्या काळी सिगारेटचं पाकीट मऊ असायचं. आतला माल चुरगळू नये म्हणून कंपन्या एक जाड पुठ्ठी घालायच्या. मग त्यावर चित्र छापायची युक्ती निघाली आणि लोक संच पुरा करायला पाकिटामागून पाकिटं घेऊ लागले. काकूंच्या फ्रेममध्ये देशोदेशीचे शिपाई होते, मिशा पिळलेले.

‘‘आमचे आजेसासरे सुपारीसुद्धा खात नसत हो,’’ काकूंनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं. ‘‘रेल्वेत होते. साहेब लोक सिगारेट ओढायचे, हे नुसती कार्डं मागून आणायचे. तसं स्पष्ट लिहा पाटीवर. नाहीतर लोक म्हणतील, पुराणिकांकडे धूर निघायचा.’’

‘‘लिहितो, काकू.’’

‘‘आणि लवकर घ्या. पुतण्या हैदराबादहून रोज फोन करतोय. म्हणतो, काकू, एकेक कार्ड अलग अलग विकलं तर जास्त भाव येतो. मी मेल्यावर तर तो विकेलच. हे सगळे शिपाई एकत्र राहायला हवेत. एवढंच बघा.’’

म्हणजे दालनात जागा मिळाली तर संच टिकणार, नाही तर मोडणार.

अडचण अशी की सिगारेट कार्डांवर तारीख नसते. कंपनीचं नाव, पत्ता, छपाईची पद्धत यांवरून दोन कुंपणं घालावी लागतात : ‘याच्या आधीचं नाही’ आणि ‘याच्या नंतरचं नाही’. आमच्याकडच्या कार्डांच्या छापील सूचीत या संचापुढे मोघम ‘१९०१ च्या सुमारास’ असं होतं. पण फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर शाईने एक ओळ होती : ‘संच पुरा. चैत्र वद्य १, इंदु, संवत १९५७.’

संच त्या दिवशी पुरा झाला म्हणजे सगळी कार्डं त्याआधी निघालेली. दुसरं कुंपण आयतं मिळालं.

त्रिपाठीजींनी ओळ वाचली आणि कपाळाला हात लावला. ‘‘उन्नीस सौ सत्तावन? अरे, ये तो आज़ादी के बाद का है!’’

‘‘साहेब, संवत आहे. सत्तावन वजा करा.’’

‘‘हाँ हाँ, वही,’’ ते म्हणाले. मी हसलो नाही. कंत्राट पुढच्या महिन्यात संपत होतं.

हिशेब दिल्लीच्या सल्लागार मेहरा मॅडमकडे गेला. त्यांनी पंचांगाच्या प्रोग्राममध्ये गाव ‘वाराणसी’ घातलं, तिथी घातली आणि उत्तर आलं मार्च १९०१. सूचीशी तंतोतंत जुळलं. शतक हुकलं. शिवाय त्यांनी कौतुकाने नोंदवलं होतं की संच ‘इंदु’ नावाच्या कुणा मुलीला प्रेमाने भेट दिलेला दिसतो.

या इंदुने मला छळलं. मी काकूंना विचारलं. ‘‘आमच्यात इंदु कोणी झालीच नाही,’’ काकू म्हणाल्या, आणि मग आवाज खाली आणून, ‘‘बाहेरची होती की काय?’’ घरी झोपेतही मी इंदु, इंदु पुटपुटलो म्हणे. सकाळी चहाचा कप जरा जोरात आदळला गेला.

‘‘रेल्वेतल्या पुराणिकांची आहे ती,’’ मी म्हणालो.

‘‘पहले डिसाइड करा कुणाची आहे, मग सांगा,’’ बायको म्हणाली.

ते कोडं सुटलं अहिल्याबाई घाटावर. नाशिकहून चुलतभाऊ आला होता, त्याला गंगापूजन करायचं होतं. माझं काम पळी-पंचपात्र धरायचं. आमच्या गुरुजींनी संकल्प सुरू केला. संकल्पात आपण कोण, कुठे बसलोय आणि आज कोणता दिवस, हे सगळं देवाला सांगतात. गुरुजी नेहमीच्या वेगात म्हणाले, ‘‘...इंदुवासरे...’’

माझ्या हातातली पळी गंगार्पण झाली.

‘‘गुरुजी, काय म्हणालात?’’

‘‘इंदुवासरे. सोमवार आहे ना आज? मध्ये बोलू नका, संकल्प मोडतो.’’

इंदु म्हणजे चंद्र. इंदु म्हणजे सोमवार. आयुष्यभर ऐकलेला शब्द, आणि मी तिचं लग्न कुणाशी झालं असेल याचा विचार करत बसलो होतो.

आता वार हाती होता. आणि ‘वद्य’ शब्दाकडेही मी नीट बघितलं. बनारसमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाचे दोन महिने असतात. गल्लीत महिना पौर्णिमेला संपतो, आमच्या घरी अमावास्येला. म्हणून गोकुळाष्टमीला आम्ही श्रावणात असतो आणि शेजारी भादोंमध्ये. रात्र तीच, कृष्ण तोच. चैत्राचा घोळ याहून मोठा. गल्लीतला चैत्र वद्य होळीला लागून, जुनं संवत संपता संपता येतो. घरातला येतो पाडव्यानंतर, नवं संवत लागल्यावर. शब्द तेच, संवत तेच, पण मध्ये जवळजवळ वर्ष जातं. गल्लीच्या हिशेबाने मार्च १९०१, घरच्या हिशेबाने एप्रिल १९००. पुराणिकांनी साल बाजारातलं लिहिलं होतं, शक नव्हे संवत, आणि महिना घरातला. आमचं बोलणंही असंच असतं.

मी दोन्ही दिवसांचे वार काढले. मार्चमधला बुधवार. एप्रिलमधला सोमवार.

तरी फाइल माझ्यासमोर आलीच, कारण शेरा आधीच टाइप झाला होता.

‘‘मी सही करणार नाही,’’ मी म्हणालो. आवाज जरा चिरकला, पण वाक्य पूर्ण झालं.

त्रिपाठीजींनी मेहरा मॅडमना स्क्रीनवर बोलावलं. ‘‘बनारसमध्ये पौर्णिमान्त महिना चालतो, हे तुम्हाला माहीत असेलच,’’ त्या हिंदीत म्हणाल्या.

‘‘बनारसमध्ये चालतो, मॅडम. पुराणिकांच्या घरी नाही. इथला माणूस ‘बदी’ लिहितो. यांनी ‘वद्य’ लिहिलंय.’’

‘‘एकाच शब्दाची दोन रूपं आहेत.’’

‘‘मग वार बघा. इंदु ही मुलगी नाही, सोमवार आहे. तुमच्या तारखेला बुधवार येतो.’’

मला आता जोर चढला होता.

‘‘आणखी एक. तुमचा तो दिवस म्हणजे होळीचा दुसरा दिवस. रंगाचा. साहेब, तुम्ही बनारसचे. त्या दिवशी या शहरात कोरड्या हाताने पुठ्ठ्यावर इतकं सुंदर अक्षर कोण काढेल?’’

त्रिपाठीजी खो खो हसले. ‘‘बात तो सही है, मैडम. उस दिन तो हमारे यहाँ कोई अपना नाम तक न लिख पाए!’’

मेहरा मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी समोरच वार तपासले. ‘‘सोमवार बरोबर आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण सूची १९०१ म्हणते. आपण ‘सुमारे १९००’ लिहू या. कुणाचंच चुकत नाही.’’

‘‘चलो, फाइनल,’’ त्रिपाठीजी म्हणाले.

‘‘नाही,’’ मी म्हणालो. हा माझ्या नोकरीतला दुसरा नकार, तोही त्याच दिवशी. ‘‘सुमारे लिहिलं की उद्या कोणीही सूची दाखवून फ्रेम खाली उतरवेल. सूचीत सुमारे आहे, कारण सूची करणाऱ्यांकडे तारीख नव्हती. आपल्याकडे आहे. ‘एप्रिल १९०० पूर्वी’ असंच लिहायचं.’’

‘‘चुकलं तर?’’ मेहरा मॅडमनी विचारलं.

‘‘खाली माझं नाव घाला.’’

त्रिपाठीजींनी तो टाइप केलेला शेरा फाइलमधून काढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर बोट ठेवून म्हणाले, ‘‘लिखिए।’’ मी लिहिलं, कारणांसकट, आणि सही इतकी मोठी केली की तारखेला जागा उरली नाही.

संच दालनात लागला. पाटीवर ‘एप्रिल १९०० पूर्वी’ आहे आणि पुराणिक धूम्रपान करत नसत हेही आहे. उद्घाटनाला काकू आल्या, पाटी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, ‘‘फ्रेम जरा वर लागलीये. पण ठीक. आता त्याला फोन करते.’’ तिथेच उभं राहून त्यांनी हैदराबादला फोन लावला आणि पुतण्याला सांगितलं की शिपाई ड्यूटीवर रुजू झाले, आता सुट्टी नाही.

माझं कंत्राट वाढलं. त्यात एक नवं कलम आलं : यापुढे सर्व तारखा सल्लागारांकडून तपासून घ्याव्यात. मी तपासून घेतो. मेहरा मॅडम हल्ली उत्तर देण्याआधी मलाच फोन करतात, ‘‘यह परिवार मराठी तो नहीं?’’

या धंद्यात शिकलो ते एवढंच. तारीख कोणत्या गावात लिहिली हे नंतर बघावं, कोणाच्या घरात लिहिली ते आधी विचारावं. आणि तोवर पेनाचं टोपण लावून ठेवावं.