वायच थांब

सर चष्मा काढून टेबलावर ठेवायचे, डोळे चोळायचे आणि म्हणायचे, "वायच थांब." मग आमच्यातला कुणी कितीही घाईत असो, थांबावंच लागायचं. वायच म्हणजे मालवणीत थोडंसं. सरांचं थोडंसं मात्र पाऊण तासाचं असे.

सर भांडुपच्या एका शाळेत गणित शिकवायचे. आम्ही सात-आठ जण मिळून मराठी शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅम करत होतो. शब्द चुकला की खाली लाल रेघ, एवढंच त्याचं काम. तो कुणीही फुकट वापरावा, उघडून आत बघावा, बदल सुचवावा. मालक कुणीच नाही. मालक नसलेल्या घरात भांडणं किती होतात ते तुम्हाला सांगायला नको. एका ऱ्हस्व उकारावरून आमच्यातले दोघं वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते.

म्हणून सरांनी नियम घातला. बदल सुचवायचा तर ग्रुपच्या मेलवर टाकायचा आणि तीन दिवस थांबायचं. हरकत आली नाही तर बदल मंजूर. आली तर रविवारी मुलुंडला, वाचनालयाच्या माडीवर बसून बोलायचं. "कुणाची हरकत?" हे त्यांच्या तोंडी इतकं बसलं की पंखा बंद करतानाही विचारायचे. एकदा ग्रंथपाल बाई जिन्यातून म्हणाल्या, "माझी आहे. साडेसात वाजले, घरी जा आता." सरांनी ती हरकतही वहीत लिहून घेतली.

गंमत म्हणजे स्वतःच्याच नियमावर त्यांचा पुरता विश्वास नव्हता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, ज्यांनी काहीच लिहिलं नाही त्यांना ते एकेक करून फोन लावायचे. घाटकोपरची स्नेहल आमच्यात सगळ्यात अबोल. तिला विचारायचे, "गप्प आहेस म्हणजे हो, की गप्प आहेस म्हणजे नुसती गप्प?" अशाच एका फोनवर तिनं चाचरत सांगितलं, की तिची वर्ध्याची आजी मुलाला पोट्टं म्हणते आणि आपला प्रोग्रॅम त्याला चूक म्हणतो. त्या दिवसापासून सर गावोगावचे शब्द गोळा करून प्रोग्रॅमच्या यादीत घालायला लागले. मी कुरकुरलो तेव्हा म्हणाले, "लाल रेघ म्हणजे चूक. माझी आई काय जन्मभर चुकीचं बोलली रे?"

मला ते पटत नव्हतं. त्यात एका मोबाइल कंपनीनं आमच्या प्रोग्रॅमबद्दल विचारणा केली. त्यांना आटोपशीर, फक्त प्रमाण मराठीची यादी हवी होती. लाखो फोनांत आपलं काम जाणार म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. रविवारी मी म्हटलं, "सर, ती गावाकडची यादी काढून टाकू या ना." त्यांनी चष्मा काढला. "वायच थांब. गणपतीक गावी जाऊन येतो, मग बसू."

ते गेले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मी ती यादी काढण्याचा मेल टाकला. मालवणजवळच्या त्यांच्या घरात रेंज नसते हे मला ठाऊक होतं. पण संध्याकाळी सातला ते देवळाच्या पायरीवर बसतात आणि तिथे दोन दांड्या येतात, हेही त्यांनीच मला सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी स्नेहलचा फोन आला. "तू सरांना फोन केलास ना रे?"

"केला गं. लागला नाही."

केला नव्हता. सात वाजले तेव्हा मी फोन टेबलावर पालथा घालून त्याच्याकडे बघत बसलो होतो. आठ वाजता यादी काढून टाकली. नियमात काडीचीही चूक नव्हती, आणि मी हलकटपणा केला होता.

सर गावचा गोड खाऊ, खाजं, घेऊन परत आले. माडीवर पुडा उघडला, पण कुणी हात लावेना. शेवटी स्नेहलच म्हणाली, "सर, याने तुम्हाला फोन केलेला. लागला नाही म्हणे."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ते तिन्ही संध्याकाळी पायरीवर बसलेले असणार. त्यांनी चष्मा काढला. आता ते 'वायच थांब' म्हणतील आणि सगळं बाहेर येईल, म्हणून मी मान खाली घातली.

"व्हय गो," सर म्हणाले, "थंय रेंज नसता." मग वही उघडली. "तीन दिवस झाले. मंजूर." पुडा माझ्याकडे सरकवत म्हणाले, "घे रे."

त्यानंतर ते चार-पाच रविवार आले. कुणालाच थांब म्हणाले नाहीत. बैठका पटापट आटपायच्या, आणि आधी मला तेच तर हवं होतं. पुढे ते निवृत्त झाले आणि कायमचे गावी गेले. कंपनीनं शेवटी दुसऱ्याच कुणाचं काहीतरी घेतलं.

हे मी आमच्याच प्रोग्रॅमवर लिहितोय. 'वायच' जितक्यांदा लिहिलं तितक्यांदा खाली लाल रेघ उमटली. यादी परत आणायला एक मेल आणि तीन दिवस पुरेत, हरकत कुणीच घेणार नाही. पण त्याआधी सरांना विचारायला हवं, आणि विचारायचं तर खरं सांगायला हवं.

सात वाजून दहा मिनिटं झालीत. सर पायरीवर असतील. फोन समोरच आहे, पालथा.