बाल्कनीतून दिसलेला शेवट

परळीत आम्ही ज्या थिएटरला जातो, तिथे पिक्चर संपायच्या आठ-दहा मिनिटं आधीच पुरुष उठतात. गाड्यांचा स्टँड अरुंद आहे, बाहेर पडायला दार एकच, आणि दारासमोरच्या रस्त्यावर वीज केंद्रातल्या राखेचे ट्रक उभे. गाडी आधी काढून ठेवली नाही तर अर्धा तास तिथेच अडकून पडायचं. त्यामुळे पडद्यावर शेवटची मारामारी सुरू झाली की खाली खुर्च्या फटाफट मिटायला लागतात.

बाल्कनीत बायकांना मात्र उठायची परवानगी नसते. "गर्दी पांगल्याबिगर हलायचं न्हाई. मिस कॉल दिला की खाली या," असं प्रत्येक घरातून बजावलेलं असतं. म्हणून आम्ही शेवटची पाटी पडेपर्यंत, दिवे लागेपर्यंत बसतो. लहानपणापासून मी प्रत्येक पिक्चरचा शेवट पाहिला आहे. आमच्या घरातल्या पुरुषांनी क्वचितच. त्याने आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं, कारण हिरो जिंकणार हे त्यांना स्टँडवरही माहीत असायचं.

माझा चुलत भाऊ मूळचा दिंद्रुड गावचा, कॉलेजसाठी आमच्याकडे राहतो. त्याचं एक चॅनल आहे. दर नव्या पिक्चरला तो थिएटरच्या दारात लाल स्पंजचा माईक घेऊन उभा राहतो आणि बाहेर येणाऱ्यांना विचारतो, "बोला, कसा वाटला?" ते चित्रीकरण कापायचं, जोडायचं, खाली इंग्रजी ओळी टाकायच्या, हे काम माझं. मी इंग्रजी शाळेत शिकले म्हणून ते माझ्याकडे आलं, आणि मी फारशी बोलत नाही म्हणून माझ्याकडेच राहिलं. मी माझं पुस्तकी मराठी बोलले की घरात हसतात. "आल्या बातम्या," असं भाऊच म्हणतो. शाळेत मराठीवर दंड होता आणि घरात माझ्या मराठीवर हसू. मग मी लॅपटॉपमागे बसायला शिकले. गावातल्या कितीतरी लोकांची मतं मला त्यांच्या आवाजासकट पाठ आहेत. माझं मत काय, असं मला कुणी विचारलं नव्हतं.

ज्या पिक्चरच्या मालिकेबद्दल सांगते आहे तिचा पहिला भाग सगळ्यांना तोंडपाठ होता. चार मित्र, एक बुडालेला किल्ला, खजिना, एक खट्याळ उंट. चौघांत एक मुलगी होती. ती पिशव्या उचलायची आणि घाबरून किंचाळायची, तिच्यावर लोक हसायचे. दुसरा भाग आला तेव्हा आम्ही सगळे तीनच्या खेळाला गेलो. भाऊ खाली, मी आणि आई वर.

हा भाग तसा नव्हताच. उंट पहिल्या अर्ध्या तासात मरतो. चौघांतला एक मित्र खजिन्यासाठी उलटतो. हसायला जागा नाही. आणि शेवटाकडे हिरो खाणीच्या तोंडाशी असलेल्या कड्यावरून खाली पडतो. पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो. त्याच क्षणी खाली खुर्च्या वाजायला लागल्या. कुणीतरी ओरडलं, "मेला बे, चला!" आणि अख्खा खालचा मजला रिकामा झाला.

आम्ही बसलो होतो. पडदा पुन्हा उजळला. ती मुलगी कड्यावर एकटी होती. ती रडली नाही. तिने खजिन्याचा नकाशा काढला, पेटवला, आणि त्याच उजेडात दोराची गाठ बांधली. संगीत नव्हतं, फक्त तिच्या श्वासाचा आवाज. पहिल्या भागात जिने नुसत्या पिशव्या उचलल्या, ती खाली उतरायला लागते. हिरो जिवंत आहे की नाही, हे कळत नाही. तिचा हात दोरावर सरकतो आणि तिथेच पिक्चर संपतो. आईच्या पर्समध्ये मिस कॉल वाजून गेला, तिने तो पाहिलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चित्रीकरण कापायला बसले. एकामागून एक मतं.

"हिरोला मारायचं कावून? पैसे कशाला घेतले मग?"

"लई बोर हाय. शेवटच न्हाई पिक्चरला."

"उंट मेला तवाच उठायला पायजे होतं."

"लेकराबाळांना दाखवायचा न्हाई असला पिक्चर. पैला भाग तो पैला भाग."

एकवीस जण, सगळे पुरुष, सगळे स्टँडवरून आलेले, काहींच्या हातात किल्ली. हे मी कितीदा कापलं असेल, आणि प्रत्येक वेळी गप्प कापलं. त्या दिवशी मला राग आला. तो माझा मलाच अनोळखी होता.

"यांच्यापैकी एकानेही शेवट पाहिलेला नाही," मी भावाला म्हणाले.

"हिरो मेला की ताई. अजून काय ऱ्हातं?"

"तू पाहिलास?"

"मी तर त्यांच्याबी आधी उठलतो. माईक लावायचा ऱ्हातो ना."

"मग शेवट नाही असं तुम्ही म्हणता कसं?"

तो हसला. "एवढं हाय तर तूच बोल की. आल्या बातम्या."

त्याला वाटलं मी नेहमीसारखी मान खाली घालेन. मी त्याचा माईक उचलला आणि गच्चीवर गेले. राखेचा पातळ थर बसलेल्या टाकीला टेकून, फोन समोर लावून मी सव्वा मिनिट बोलले. माझ्या त्याच मराठीत. म्हणाले, पिक्चर अंधारा आहे, हे खरं. पण तुम्ही अंधार झाल्यावर उठलात. पुढे एक मुलगी उतरते. ते पाहिल्याशिवाय वाईट म्हणण्याचा तुम्हाला हक्क नाही. आम्ही बाल्कनीत होतो, आम्ही पाहिला, आणि मला तो पहिल्यापेक्षा चांगला वाटला.

भाऊ म्हणाला, व्हिडिओच्या शेवटी टाक. मी सुरुवातीला टाकलं.

दोन दिवसांत व्हिडिओखाली शेरे जमले. "मॅडम कोणत्या ग्रहावरून आल्या?" "आधी मराठी शिका." एकाने लिहिलं, "पोरींना काय कळतंय पिक्चरमधलं." मी सगळे वाचले, पण काही पुसलं नाही.

तिसऱ्या दिवशी दिंद्रुडहून मोठे काका आले. गावच्या राजकारणात ते आहेत, पांढरा शर्ट, दोन फोन. भावाचे वडील. ते बैठकीत बसले, चहा घेतला, आणि कपकडे बघत मला म्हणाले, "माय, ते काढून टाक. आपल्या घरची पोरगी बोलताना चार लोक फोनवर बघत्यात. मला दुकानात दाखवलं."

"मी काय बोलले ते ऐकलंत, काका?"

"बोलली काय त्याचं काय घेऊन बसलीस. चेहरा हाय का न्हाई त्याच्यात?"

भाऊ जमिनीकडे बघत होता. मोठ्या भावापुढे बाबा कधीच बोलत नाहीत. चॅनलचा पासवर्ड फक्त मला माहीत होता. एक बोट दाबलं असतं तर मी पुन्हा लॅपटॉपमागे गेले असते, आणि घरात सगळं पूर्ववत झालं असतं. मला ते नीट दिसत होतं.

"एकवीस पुरुषांचे चेहरे आहेत त्यात," मी म्हणाले. "त्यांचं काढायचं असेल तर माझंही काढते."

काका पहिल्यांदा माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आईचा आवाज आला. भाया, म्हणजे मोठे दीर, समोर असले की ती पदर घेते आणि गप्प असते, लग्नापासून. "ती खरं बोललीय, भाऊजी. मीबी हुते तिथं. पोरगी उतरती खाली."

"कोण पोरगी?" काका गोंधळून म्हणाले.

"पिक्चरमधली," आई म्हणाली आणि आत गेली.

काका जाताना म्हणाले, "परत आलो तवा ते दिसाय न्हाई पायजे." मी हो म्हणाले नाही. व्हिडिओ अजून आहे. काका नंतर दोनदा येऊन गेले, माझ्याशी बोलत नाहीत. मी चहा नेऊन ठेवते, ते घेतात.

काका पहिल्यांदा आले त्या आठवड्याच्या रविवारी भाऊ पुन्हा तीनच्या खेळाला गेला. मी आणि आई वर होतो. पडदा काळा झाला, खुर्च्या वाजल्या, आणि रिकाम्या खालच्या मजल्यावर मधल्या रांगेत त्याचं एकट्याचं डोकं दिसत राहिलं. दिवे लागेपर्यंत तो बसला. त्याची गाडी स्टँडवर सगळ्यात आत अडकली होती, म्हणून आम्हाला पाऊण तास रस्त्यावर थांबावं लागलं.

"पाह्यला पुरा," तो घामाघूम होऊन म्हणाला. "खरं सांगू का ताई? मला तरीबी न्हाई आवडला."

त्याच्या पिशवीतून मी लाल स्पंजचा माईक काढला आणि त्याच्या तोंडासमोर धरला.

"बोल," मी म्हणाले. "आता बोल."