दोरीचं दुसरं टोक

जोधपूरच्या जुन्या शहरातलं ते हॉस्टेल स्वस्तातलं होतं आणि गल्ली इतकी अरुंद, की आमच्या खिडकीबाहेरच्या दोरीचं दुसरं टोक समोरच्या घराला बांधलेलं होतं. धुतलेला कुर्ता दोरीवर टाकून मी किल्ला बघायला गेले. परतले तेव्हा दोरी रिकामी होती. समोरच्या खिडकीतून एक मावशी म्हणाल्या, "धूळ उडायला लागली, म्हणून काढून घेतला." हात लांबवून त्यांनी कुर्ता दिला. नीट घडी घातलेली, गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. मी ते कधीच लावत नाही.

त्या खोलीत रोज नवी माणसं येतात. मावशींना कुणाचं नावही ठाऊक नसेल, पण वारा सुटला की कपडे सगळ्यांचे आत जातात.

घरी आल्यावर बाकीचे कपडे वापरात आले. तो कुर्ता तेवढा कपाटात तसाच आहे. त्याची घडी मोडवत नाही.